‘सगळा डेटा’ कुठेच मिळत नाही: ९४४ मिमी, चितळे समिती आणि साकीनाका

मागच्या महिन्यात एम.ए. करणाऱ्या एका मुलाने मला त्याच्या सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा वाचायला दिला. विषय होता ‘साकीनाका परिसरातील पूरस्थिती: एक अभ्यास’. खाली नेहमीचेच मथळे: प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती. ‘माहितीचे स्रोत’ या मथळ्याखाली एकच ओळ होती: प्राथमिक व दुय्यम. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, “ताई, २६ जुलैचा सगळा डेटा कुठे मिळेल?”

“सगळा म्हणजे कसला?”

“म्हणजे सगळाच. पाऊस, मिठी, लोकसंख्या, नुकसान. एकदा हातात आला की बघतो काय निघतंय ते.”

मी हसले नाही. माझा स्वतःचा पहिला सिनॉप्सिस यापेक्षा वेगळा नव्हता. त्यात पंधरा-सोळा प्रकारच्या ‘आवश्यक माहिती’ची यादी होती. सरांनी ती बघून एवढंच विचारलं होतं, “यातली एखादी मिळाली नाही तर तुझं काय अडेल?” मला एकाही ओळीबद्दल उत्तर देता आलं नाही.

संशोधन सुरू करायच्या आधी नेमकी कुठली माहिती लागणार हे कसं ठरवायचं, यावर पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांत प्रकरणं असतात, पण ती वाचून काही होत नाही. त्यापेक्षा एक खरं प्रकरण घेऊ. २६ जुलै २००५ चा पाऊस, त्याआधीचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आणि नंतरचा चितळे समितीचा अहवाल. आपल्याकडचे विद्यार्थी हे दोन अहवाल ‘डेटा’ म्हणून वापरतात. मला ते दोन उत्तरं म्हणून वाचायचे आहेत आणि प्रत्येक वेळी विचारायचंय, हे नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?

९४४ हा आकडा काय सांगतो

२६ जुलैवरचा जवळपास प्रत्येक लेख, प्रबंध आणि बातमी ९४४ मिलिमीटरने सुरू होते. आकडा खरा आहे. हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्रावर २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत इतका पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याच्या केंद्रावर मोजला गेला साधारण ७३ मिमी. दोन केंद्रांमधलं सरळ अंतर वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे एकाच शहराच्या दोन केंद्रांपैकी एकाने प्रलय नोंदवला आणि दुसऱ्याने पावसाळ्यातला एक बऱ्यापैकी ओला दिवस.

आता साकीनाक्याचा अभ्यास करायचाय, तर यातला कुठला आकडा घ्यायचा? सगळे सांताक्रूझचा घेतात, आणि जवळचं केंद्र म्हणून ते ठीकही आहे. पण साकीनाक्याला जे पाणी मिठीतून येतं, ते साकीनाक्यावर पडलेलं नसतं. मिठीला पाणी मिळतं विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून, आरेच्या उतारावरून, सीप्झ आणि मरोळच्या नाल्यांमधून. विहार तलावावर त्या दिवशी सांताक्रूझपेक्षाही जास्त, हजार मिमीच्या वर पाऊस नोंदला गेला होता. म्हणजे ‘माझ्या गल्लीत पाणी का आलं’ या प्रश्नाला लागणारा पाऊस गल्लीतला नाही, वरच्या अंगाचा. हे आधी ठरवलं नाही तर माणूस ९४४ लिहून मोकळा होतो आणि पुढच्या सगळ्या हिशोबात चुकीच्या जागेचा पाऊस ओतत राहतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ९४४ ला २४ ने भागलं तर तासाला ३९ मिमी येतात. हा सरासरीचा आकडा मी किमान दोन प्रबंधिकांमध्ये पाहिला आहे. प्रत्यक्षात दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला सुमारे १९० मिमी पडले. गटाराला दिवसभराच्या पावसाशी देणंघेणं नसतं, त्याला त्या तासाशी झगडायचं असतं. ३९ वाचून वाटतं, गटारं थोडी मोठी असती तर भागलं असतं. १९० वाचून कळतं की प्रश्नच वेगळा आहे. दिवसाचा आकडा आणि तासाचा आकडा एकाच घटनेचे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कुठला मागवायचा, हे मागवण्याआधी ठरवावं लागतं, कारण दिवसाच्या आकड्यातून तासाचा आकडा मागाहून काढता येत नाही.

ब्रिमस्टोवॅड: गृहीतकं कुठे लपतात

१९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा अभ्यास करायला सल्लागार नेमले गेले. त्यांचा अहवाल १९९३ मध्ये आला. तोच ब्रिमस्टोवॅड. त्याने काय सांगितलं, हे बहुतेकांना एका वाक्यात माहीत असतं: जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसासाठी आहेत, ती ५० मिमीसाठी करा. २००५ पर्यंत त्यातलं फारसं झालं नव्हतं. म्हणून निष्कर्षही ठरलेला: ‘अहवाल अमलात आला असता तर पूर आला नसता.’

हा निष्कर्ष आकड्यांपुढेच टिकत नाही. ५० मिमीची गटारं १९० मिमीचा तास पोटात घेऊ शकत नाहीत. अहवाल अमलात आणला असता तर एरवीच्या पावसात पाणी तुंबणं नक्की कमी झालं असतं, २६ जुलैलाही पाणी लवकर ओसरलं असतं. पण तो अहवाल २६ जुलैसारख्या दिवसासाठी लिहिलेलाच नव्हता. वर्षातून एक-दोनदा पाणी तुंबलेलं चालवून घ्यायचं, तर किती खर्चात किती मोठी गटारं लागतील, असा त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला ते उत्तर बरोबर आहे. आपण त्याला दुसराच प्रश्न विचारतो आणि मग त्याला दोष देतो किंवा डोक्यावर घेतो.

माझी खरी तक्रार दुसरीकडे आहे, आणि ती अहवालापेक्षा आपल्या वाचनाबद्दल जास्त आहे. ‘तासाला २५ मिमी’ या आकड्याला दोन शेपट्या आहेत, ज्या उद्धृत करताना गळून पडतात. एक, ही क्षमता समुद्राला ओहोटी असताना. दोन, पडलेल्या पावसापैकी निम्माच वाहून गटारात येईल, निम्मा जमिनीत मुरेल, असं गृहीत धरून. दुसरी शेपटी नीट बघा. २५ मिमी पडले, निम्मे मुरले, गटारात आले साडेबारा. आता तीच गटारं ठेवा आणि वरची माती, मैदानं, बखळी जाऊन तिथे काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि पत्रे येऊ द्या. मुरणं जवळपास बंद. मग तेच गटार ढोबळ हिशोबाने तासाला १२-१३ मिमी पावसालाच भरून जाईल. गटाराला कुणी हात लावला नाही, तरी त्याची क्षमता निम्मी झाली.

साकीनाक्याला हे पाहायला हिशोब लागत नाही. खैरानी रोडवरून एक चक्कर मारा, उघडी माती किती फूट दिसते ते मोजा. इथे संशोधकाला लागणारी माहिती आहे ‘किती टक्के जमीन झाकली गेली आणि कधी’. ती ‘गटारांचा डेटा’ या शीर्षकाखाली कधीच सापडणार नाही. ती जुन्या हवाई छायाचित्रांत, उपग्रहाच्या चित्रांत, बांधकाम परवान्यांत विखुरलेली आहे. गृहीतक वाचलं तरच कळतं की ही माहिती लागणार आहे. आकडा उतरवून घेतला की ते कळायची वाट बंद होते.

चितळे समिती: काय जमलं, कुठे थांबावं लागलं

पुरानंतर राज्य सरकारने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. चितळे केंद्राच्या जलसंपदा खात्याचे सचिव राहिलेले, १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले. समितीचा अहवाल मार्च २००६ मध्ये आला. तो जाडजूड आहे आणि विद्यार्थी बहुधा शेवटच्या शिफारशींपुरताच वाचतात. मला त्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती अशी, की कारणं सांगता सांगता तो आपल्याकडे काय मोजलेलंच नाही हेही सांगतो.

शहरभर पाऊस मोजणारी दाट केंद्रं हवीत. कारण ९४४ आणि ७३ यांच्या मधलं शहर अंधारात आहे. उंचसखलपणाचे बारीक नकाशे हवेत. कारण मुंबईसारख्या सपाट, भराव घातलेल्या शहरात वीतभर उंचीच्या फरकाने पाणी या गल्लीत जाईल की त्या, हे ठरतं. मिठीकडे नाला म्हणून न बघता तिच्या पूर्ण पाणलोटासकट नदी म्हणून बघायला हवं. या शिफारशी वाचताना जाणवतं की समितीने प्रश्न आधी ठरवला आणि मग त्याला लागणारी माहिती शोधली. जी सापडली नाही तिची जागा रिकामी असल्याचं लिहून ठेवलं. संशोधनात हा रिकामा रकाना भरलेल्या रकान्याइतकाच मोलाचा असतो. २००६ पासून महापालिकेने शहरात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला घेतले, सुरुवातीला ३५. आज एखादा विद्यार्थी अंधेरी आणि कुर्ल्याचा पाऊस वेगवेगळा मांडू शकतो, त्यामागे हा रिकामा रकाना आहे.

उंचीचा विषय निघालाच आहे, तर पहिल्या वर्षीची माझी एक फजिती सांगते. भरतीच्या तक्त्यात त्या दुपारची भरती साडेचार मीटरच्या आसपास होती. महापालिकेच्या नकाशात सखल भागातल्या एका रस्त्याची पातळी २८ मीटरच्या आसपास दिसली. मी वजाबाकी केली आणि मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं की रस्ता भरतीच्या पाण्यापेक्षा तेवीस-चोवीस मीटर उंच आहे, तेव्हा भरतीचा काही संबंध नाही. सरांनी कागद परत दिला, त्यावर एकच शब्द होता: ‘शून्य?’ मला वाटलं मार्क दिलेत. ते विचारत होते की दोन्ही आकड्यांचं शून्य कुठलं. महापालिकेच्या पातळ्या ‘टाउन हॉल डेटम’पासून मोजतात, म्हणजे फोर्टमधल्या जुन्या टाउन हॉलच्या नावाने चालत आलेल्या शून्यापासून. भरतीचे तक्ते बंदराच्या नकाशाच्या शून्यापासून. दोन वेगळ्या शून्यांवरचे आकडे एकमेकांतून वजा करणं म्हणजे एकाचं वय दुसऱ्याच्या उंचीतून वजा करण्यासारखं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘कुठून मोजला’ हा रकाना असतो.

आता समितीच्या मर्यादेबद्दल. तिला सरकारने नेमलं होतं, शहराला पूर का आला आणि पुढे काय करावं हे सांगायला. तिचा एकक शहर आहे, नदी आहे, पाणलोट आहे. ते तसंच असायला हवं होतं. पण आपण साकीनाक्याचा, जरीमरीचा किंवा सफेद पुलाजवळच्या वस्तीचा अभ्यास करायला बसतो आणि त्या अहवालातली कारणं क्रमाने आपल्या प्रकरणात उतरवतो: अतिवृष्टी, भरती, अरुंद मिठी, विमानतळाखालची वळणं, अतिक्रमण. यादी बरोबर आहे, पण ती मुंबईची यादी आहे. साकीनाका मिठीच्या मुखापासून बराच वर आहे. भरतीचं पाणी नदीत किती आतपर्यंत येतं हे तपासल्याशिवाय ‘भरती’ हे इथलं कारण म्हणून लिहिता येणार नाही. ‘अतिक्रमण’ हा शब्द तर त्याहून घसरडा. कुणाचं, कुठल्या साली, कुठल्या रेषेच्या आत? ती रेषा कागदावर आधी होती की पुरानंतर आखली गेली? एवढं ठरल्याशिवाय तो शब्द म्हणजे निकाल होतो, माहिती होत नाही.

साकीनाका कुठे आहे?

हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला तेव्हा त्याला चेष्टा वाटली. तो रोज मेट्रोच्या साकीनाका स्टेशनावर उतरतो. पण आकड्यांच्या जगात ‘साकीनाका’ नावाची जागा जवळपास नाहीच. महापालिकेत त्यातला बराचसा भाग एल वॉर्डात येतो, म्हणजे कुर्ल्यात. अंधेरीकडे थोडं सरकलं की के-पूर्व सुरू. विधानसभेला चांदिवली. पोस्टाचा पिन ४०००७२, त्यात साकीनाक्याबरोबर इतरही भाग. पोलीस ठाण्याची हद्द आणखी वेगळी. चार खाती, चार आकार, आणि एकही आकार रिक्षावाल्याला ‘साकीनाका’ सांगितल्यावर तो जिथे सोडतो त्या जागेशी जुळत नाही.

खर्ड्यात लोकसंख्या लिहिली होती नऊ लाखांच्या वर. हा २०११ च्या जनगणनेतला संपूर्ण एल वॉर्डाचा आकडा. त्यात कुर्ला पश्चिम, नेहरूनगर, चुनाभट्टीसुद्धा आले. म्हणजे त्याच्या अभ्यासक्षेत्राबाहेरची लाखो माणसं त्याच्या छेदात बसली होती. या आकड्याने ‘बाधितांचं प्रमाण’ काढलं असतं तर ते आपोआप कमी आलं असतं आणि त्याने प्रामाणिकपणे लिहिलं असतं की परिसराला तुलनेने कमी झळ बसली. त्यात २०११ नंतर जनगणना झालेली नाही. मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली, त्यानंतर भाडी आणि वस्ती किती बदलली याचा त्या आकड्यात मागमूस नाही.

मग काय करायचं? लोकसंख्या लागतेय का हे आधी विचारायचं. प्रश्न ‘किती टक्के लोकांचं नुकसान झालं’ असा असेल तर लागते. ‘पाणी कुठल्या क्रमाने कुठल्या गल्ल्यांत शिरलं’ असा असेल तर अजिबात लागत नाही. तिथे भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा, दुकानदारांच्या आठवणी आणि गल्लीची उंची लागते. जी माहिती सहज मिळते ती लागतेच असं नाही. ती बहुतेक वेळा फक्त सहज मिळते.

डोंगराकडे कुणाचं लक्ष होतं?

आतापर्यंतचं सगळं पद्धतीबद्दल होतं. हा भाग माणसांबद्दल आहे, आणि हा लेख लिहायचं खरं कारण हेच.

२६ जुलैला साकीनाक्यात जी सगळ्यात मोठी जीवितहानी झाली ती मिठीच्या पाण्याने झाली नाही. डोंगराच्या कुशीतल्या घरांवर दरड कोसळली आणि डझनावारी माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्या काळची वर्तमानपत्रं काढली तर बातम्या सापडतात. पण ‘२६ जुलै’ म्हटलं की आपल्या डोक्यात येतं पाणी: बुडालेल्या बेस्टच्या बस, रुळांवरून चालणारी माणसं, मिठी. नंतरचं प्राधिकरण मिठीच्या नावाने निघालं, निधी मिठीला गेला, प्रबंधही मिठीवर झाले. आणि या मुलाच्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं ‘पूरस्थिती’.

त्या एका शब्दाने काय केलं बघा. शीर्षकात ‘पूर’ आल्याबरोबर माहितीची यादी पाण्याची झाली: पाऊस, नदी, गटार, भरती. दरडीला लागणारी माहिती त्या यादीत येऊच शकत नव्हती. उतार किती तीव्र, तो खालून कधी आणि कुणी कापला, वर काय आहे, पाणी वरून कुठे मुरतं, आधार भिंत आहे का, कुणी बांधली, जमीन कुणाच्या मालकीची, घर सोडायची नोटीस कधी आली आणि पर्यायी जागा दिली होती का. यात नदीचा एकही आकडा नाही. इथे कदाचित त्या एका तासाच्या पावसापेक्षा आधीचे काही दिवस जमीन किती भिजली होती हे जास्त महत्त्वाचं ठरेल. म्हणजे पावसाचाही वेगळा आकडा लागेल.

आणि हे एकदाच घडलेलं नाही. जुलै २००० मध्ये शेजारच्या घाटकोपरला अशीच दरड पडून साठाहून जास्त माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये चेंबूर आणि विक्रोळीला एकाच रात्री उतारावरची घरं ढासळून तीसच्या आसपास माणसं गेली. या सगळ्या बातम्या ‘पावसाचे बळी’ या एकाच खात्यात जमा होतात. एकदा त्या खात्यात टाकल्या की संशोधकाला पाऊस दिसतो, भिंत दिसत नाही. कुठली माहिती लागणार हे ठरवताना आपण कोणाचं मरण मोजायचं हेही ठरवत असतो, आणि बहुतेक वेळा ते आपल्या लक्षातही येत नाही.

त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमच्या घराच्या मागेच टेकडी आहे. मला वाटलं, संशोधन म्हणजे मिठीवरच करायचं असतं.”

वहीतले पाच रकाने

उपदेश झाला, आता कामाचं. मी सध्या कुठलीही माहिती शोधायला निघण्याआधी वहीत पाच रकाने आखते.

पहिल्यात प्रश्न, प्रश्नचिन्हासकट. ‘पूरस्थितीचा अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘२००५ नंतर उतारावरच्या कुठल्या घरांच्या मागे आधार भिंत झाली आणि कुठल्या घरांच्या मागे नाही, आणि ते कशावरून ठरलं?’ हा प्रश्न आहे.

दुसऱ्यात संभाव्य उत्तरं, निदान दोन. भिंती धोका जास्त तिथे झाल्या असतील, किंवा जमिनीची मालकी स्पष्ट होती तिथे झाल्या असतील.

तिसऱ्यात, या दोन उत्तरांत फरक करायला कमीत कमी काय कळावं लागेल. धोकादायक जागांची यादी, भिंतींची यादी आणि जमिनीची मालकी. तीनच गोष्टी. लोकसंख्या, साक्षरता, धर्म-जात यांचे तक्ते यात लागत नाहीत, तर ते गोळा करायचे नाहीत. प्रबंध बारीक दिसेल, दिसू दे.

चौथ्यात, ही माहिती कुणी आणि कशासाठी गोळा केलेली असेल. उतारावरच्या वस्त्यांत संरक्षक भिंती बांधण्याचं काम मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळ करतं, म्हणजे भिंतींची नोंद कामाच्या बिलांच्या स्वरूपात असणार. बिलात भिंतीची लांबी सापडेल, तिच्याखाली कोण राहतं ते सापडणार नाही. ते आपल्याला चालत जाऊन बघावं लागेल.

पाचव्यात माझी फजिती: कुठून मोजलं, कुठल्या तारखेला, कुठल्या हद्दीत.

हे रकाने भरल्याचा पहिला फायदा माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिताना कळतो. ‘२६ जुलैबाबतची संपूर्ण माहिती द्यावी’ असे अर्ज मी पाहिले आहेत. त्यांना उत्तर येतं की माहिती ‘सुस्पष्ट नाही’ किंवा ‘या स्वरूपात उपलब्ध नाही’, आणि आपण कार्यालयाला शिव्या घालतो. कधी कधी शिव्या योग्यही असतात. पण कायद्याने कार्यालय जवळ असलेली नोंद देतं. तुमच्यासाठी नवी माहिती तयार करून किंवा जुळवून द्यायला ते बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज साधारण दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. या अटीवर अनेकांचा राग आहे आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने तो रास्त आहे. पण संशोधकाला ती एक फुकटची परीक्षा आहे. तुमची गरज दीडशे शब्दांत बसत नसेल तर बहुधा ती तुम्हालाच अजून कळलेली नाही. ‘अमुक साल ते अमुक साल, अमुक वॉर्डात बांधलेल्या संरक्षक भिंतींची यादी, ठिकाण व कार्यादेशाच्या तारखेसह’ हे एका ओळीत बसतं, आणि त्याला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं.

एक रास्त हरकत

यावर एक हरकत नेहमी येते, मलाही येते. सगळं आधीच ठरवून गेलं तर जे माहीत नाही ते दिसणार कसं? वस्तीत गेल्यावर कुणीतरी असं काही सांगतं की अख्खा प्रश्न उलटतो. रकाने आखून बसलेला माणूस ते ऐकेल का?

हरकत खरी आहे. मी दोनदा वही फाडली आहे. पण ती फाडता आली, कारण तिच्यात काहीतरी लिहिलेलं होतं. अपेक्षा काय होती हे कागदावर असेल तरच समोर आलेली गोष्ट अनपेक्षित आहे हे कळतं. ‘सगळा डेटा’ घेऊन बसलेल्याला कधीच आश्चर्य वाटत नाही, कारण त्याने कसलीच अपेक्षा केलेली नसते. सापडेल त्याला तो निष्कर्ष म्हणतो. दरडीची बातमी त्या मुलाच्या कात्रणांतही होती, मी स्वतः पाहिली. त्याने ती ‘इतर नुकसान’ या फोल्डरमध्ये ठेवली होती.

गेल्या आठवड्यात त्याने नवा खर्डा पाठवला. शीर्षक अजून लांबलचक आहे आणि गाइड ते मान्य करतील की नाही, सांगता येत नाही. त्यांना मिठी आवडते. पण ‘माहितीचे स्रोत’ या मथळ्याखाली आता तीन ओळी आहेत आणि तिसरीपुढे त्याने पेन्सिलने लिहिलंय: ‘ही मिळाली नाही तर प्रश्न दोनचं उत्तर देता येणार नाही.’ मला हवं होतं ते वाक्य हेच.

पुढच्या वेळी त्याचा माहिती अधिकाराचा अर्ज, कार्यालयाचं नाव काढून, इथे ओळीओळीने बघू.